निजलेलं कोकरू

सुमनबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा एका पेशंटचा हात माझ्या हातात होता. व्यायाम अर्धवट सोडायचा नाही, हे सुमनबाईंनीच शिकवलेलं. तो पुरा करून घेतला आणि मग पडेगावला त्यांच्या घरी गेले. एक्याऐंशी वर्षांचं आयुष्य. सकाळचा चहा घेतला आणि खुर्चीतच... चेहरा इतका निवांत होता की मला रडू आलंच नाही.

क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या फिजिओथेरपी केंद्रात मी नवीनच लागले होते, तेव्हाची गोष्ट. खुलताबादकडचे बाबुराव नावाचे मेंढपाळ आले. पडल्यापासून त्यांचा उजवा हात वर जात नव्हता, मेंढरांना पाला तोडता येत नव्हता. हात उचलायला गेले की खांदा कानाला भिडायचा. मानेजवळचा स्नायू सगळं ओढायचा आणि पाठीच्या फऱ्याखालचा, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखालचा, ज्यानं काम करायचं, तो ढिम्म. "खांदा खाली ठेवा, फरा मागं घ्या," मी दहा दिवस घोकत राहिले. अकराव्या दिवशी ते म्हणाले, "मला नाय जमायचं, ताई. मेंढरं इकून टाकतो." माझा चेहराच उतरला.

सुमनबाई उठून आल्या. त्यांनी दोन बोटं बाबुरावांच्या फऱ्याखाली टेकवली. "बाबुराव, खांद्यावर कोकरू निजलंय. त्याला उठवायचं नाय. हात तेवढा वर न्या."

हात हळूहळू कपाळापर्यंत गेला. खांदा जागचा हलला नाही. बाईंनी माझी बोटं ओढून तिथं ठेवली. तो आळशी स्नायू कातडीखाली घट्ट झाला होता.

"उठलं का?"

"नाय उठलं!" बाबुराव खुदकन हसले. दोन महिन्यांनी ते पिशवीभर सीताफळं घेऊन आले. हातानं तोडलेली, उजव्या हातानं. मेंढरं विकली नव्हती.

गेल्या वर्षी बाईंचाच खांदा आखडला. त्या माझ्याकडे आल्या आणि मी घाबरून पुस्तकातलंच बोलू लागले. "माणसासारखं सांग की गं!" त्या वैतागल्या. मी म्हटलं, "बाई, अंबाड्यात गजरा माळायचाय. मान वाकवायची नाही." "या वयात?" म्हणत त्या हसल्या, पण हात मागं गेला. महिन्याभरानं त्या खरंच गजरा माळून आल्या.

बाई सूचना एकदाच द्यायच्या आणि गप्प राहायच्या. मला ते कधी साधलं नव्हतं. परवा खांदा आखडलेल्या एका शिक्षिकेला म्हटलं, "फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहा," आणि तोंड मिटून घेतलं. तिचा हात वर पोचेपर्यंत खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता... मला फार बरं वाटलं.