सुनेचं कोरियन मटण आणि कच्ची पपई

बायांनो, आज माझ्याकडून काय होणार होतं ते ऐका.

सुनेला तिसरा महिना आहे, पोटात काही टिकत नाही. सकाळी म्हणाली, "आई, मोबाईलमधलं ते कोरियन मटण खावंसं वाटतंय." डोहाळे मोडायचे नसतात. त्या लोकांचं गाईचं असतं, आपल्याकडं ते चालत नाही. मी द्वारका चौकातल्या खाटकाकडून बोकडाचं आणलं, पातळ चिरलं, सोया सॉस, लसूण, साखर, तीळ लावून मुरवलं आणि तव्यावर परतलं.

तिनं बोटांनी तुकडा मोडून घास उचलला. "किती मऊ झालंय हो आई!"

मी तोऱ्यात म्हणाले, "मग! कच्ची पपई किसून घातलीय."

बोलले आणि मग माझ्या ध्यानात आलं. पोटुशी बाईला पपई! मटण म्हटलं की माझा हात सवयीनं पपईकडंच जातो. तिच्या हातावर फटका मारला, घास खाली पडला.

पोरगी रडायलाच लागली. "आज पहिल्यांदा भूक लागली होती."

तशीच पळाले, दुसरं मटण आणलं, बिनपपईचं केलं. चामड्यासारखं झालं. तरी तिनं चावून चावून सगळं खाल्लं, अजून उलटी नाही.

आता लवकर सांगा, पपई सोडून मटण मऊ करायला काय घालता? उद्या परत मागणार ती.