हँडब्रेक नसलेला ट्रक

शेजारच्या शेठजींच्या दुकानात फोन आला, तेव्हा मी रॉकेलच्या घमेल्यात भास्करच्याच ट्रकसाठी आणलेली ट्रान्सफर केस धूत होतो. धुळ्यात माझं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. हात पुसत गेलो, तर जळगावहून त्याचा मेहुणा बोलत होता. "ट्रक मागे सरकला... भाऊ खाली सापडले." पुढचं मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. परत येऊन उरलेली केस धुऊन काढली, दुसरं काही सुचेना. महिना होत आला. गिऱ्हाईक त्या केसचा भाव विचारतं आणि मी उगाच त्याच्यावर खेकसतो.

भास्कर आणि मी पाचोऱ्याला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. मी पार्ट विकायला लागलो, त्याने जळगावात मेहरूणला गॅरेज टाकलं. हात सोन्याचा, पण धीर म्हणून नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी उशीर करतोय म्हटलं, की हा स्वतःच बादली उचलून वरण वाढत सुटायचा, नवरीकडचा असो की नवऱ्याकडचा. "लोके भुक्या बठेल शेत ना," म्हणायचा. घाटातली 'अति घाई संकटात नेई' ही पाटी मी त्याला दर वेळी मोठ्याने वाचून दाखवायचो. तो हसायचा.

लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांनी ओढणारा एक ट्रक त्याने घेतला होता आणि त्यावर पाण्याची टाकी चढवली होती. उन्हाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाणी न्यायचा. बाकीचे टँकर पायथ्याशीच थांबायचे, बायका हंडे घेऊन तिथवर उतरायच्या. वर चढायचा तो एवढा एकच. यंदा चैत्रातच त्याचा गिअरबॉक्स फुटला. तसा दुसरा मिळेना, म्हणून साध्या ट्रकचा बसवायचं ठरलं, आणि त्याला जुनी ट्रान्सफर केस जुळेना. ही केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा डबा, इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा. तो निवडणं म्हणजे सोयरीक जुळवणं. शाफ्टच्या खाचा जुळायला हव्यात, पुढचा शाफ्ट ज्या बाजूला हवा त्याच बाजूने निघायला हवा. शिवाय या ट्रकचा हँडब्रेक चाकांत नसतो, तो डब्याच्याच पाठीवर बसतो. तेही बघावं लागतं.

सगळं जुळणारा डबा मी शोधला होता. मालक आठवड्याने सोडणार होता. भास्करला तेवढ्यात जळगावच्या भंगारात दुसरा सापडला. खाचा बरोबर, बाजू बरोबर, हँडब्रेकला मात्र जागाच नाही. मी एसटीने धावत गेलो. डबा जमिनीवर होता, त्याची छोटी दांडी मी बोटाने हलवली, तर ती मधोमध येऊन लुळी पडली. ही दांडी मधे आली, की गिअर कुठलाही असो, चाकं मोकळी. "हा डबा नको," मी म्हटलं. "घाटात गाडी उभी कशी करशील? आठवडाभर थांब."

"गिअरमा टाकी देसू," तो म्हणाला.

"अरे, ही दांडी सरकली तर गिअर काय धरणार, कपाळ?"

त्याने पाना खाली ठेवला. "तू थांब म्हनस. पन तीस थांबस का रे?" आमच्या अहिराणीत तीस म्हणजे तहान. तरी मी तासभर भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी. चहासुद्धा न घेता धुळ्याची गाडी पकडली.

पुढे झालं ते एवढंच. पाड्यावर चढावरच ट्रक उभा करून तो मागच्या बाजूला नळ उघडायला गेला, आणि दांडी सरकली. मला त्याचा राग येतो, लोकांना सांगायची लाज वाटते पण येतो. चूक म्हणावी, तर ज्या दिवशी तो गेला त्याच दिवशी पाड्यावर पाणी पोचलं होतं. वहिनी म्हणतात, "तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?" मी हो म्हणतो. त्या पुढे काही विचारत नाहीत, आणि मला वाटतं, विचारावं, भांडावं...

परवा ट्रक खाली कसा आणायचा ते बघायला मी वर गेलो. सपाट जागा बघून मोटारसायकल उभी केली. एक म्हातारी आली, वाकली आणि मागच्या चाकाला दगड लावला. आता पाड्यावर कुठलीही गाडी आली की हे होतं म्हणे, डॉक्टरांची जीप असो, नाहीतर बैल सोडलेली गाडी.

"आजी, स्टँडवर शे ती," मी म्हटलं. "जास नही."

"तो बी असंच बोलना व्हता," ती म्हणाली, आणि पुढच्या चाकासाठी दुसरा दगड बघायला गेली.