कॉपर हॉलोची सोमवारची वेळ

"माणसाचं नाव विसरेन, घोड्याचं तोंड नाही."

एस्टिल मॅगार्डचं हे ठरलेलं बोलणं. दिवसातून एकदा तरी ते त्याच्या तोंडून निघायचंच. कॉफी ओतून घेताना निघायचं, टोपी झटकताना निघायचं, चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबांचं नाव आठवेना तेव्हाही निघायचं. ऐकणारे हसत. पण केंटकीच्या त्या मैदानावर अठ्ठावीस वर्षांत कुणी त्याला खोटं पाडलं नव्हतं.

काम त्याचं साधं होतं आणि फार मोठंही होतं. घोडे सकाळी सरावाला येत, तेव्हा कठड्याच्या आतल्या लाकडी मचाणावर बसून तो त्यांची वेळ घ्यायचा. कोणता घोडा किती फर्लांग किती सेकंदांत धावला ते वहीत लिहायचा. त्याने लिहिलेलं शर्यतीच्या पेपरात छापून यायचं. कुठल्याशा गावातला, आयुष्यात हे मैदान न पाहिलेला माणूस तो आकडा वाचून खिशात हात घालायचा. एस्टिलने स्वतः कधी एका डॉलरची पैज लावली नाही. ज्याच्या डोळ्यांवर लोक पैसे लावतात त्याने स्वतः लावू नये, असं त्याचं म्हणणं.

मैदानाचा रिवाज असा, की घोडा सरावाला आत शिरला की स्वाराने मचाणाकडे बघून घोड्याचं नाव ओरडायचं. बाकीच्या मैदानांवर अजूनही ओरडतात. इथे मात्र तो रिवाज मोडला होता, आणि मोडला होता तो एस्टिलनेच. एखाद्या नव्या स्वाराने नाव ओरडलं की हा मचाणावरून खाली थुंकायचा. "मला सांगतोस? हा जन्मला तेव्हा त्याच्या आईचा मोतद्दार कोण होता ते विचार, तेही सांगतो!" पुढे पुढे ओरडणं म्हणजे त्याचा अपमान करणं ठरलं. सगळे मुकाट्याने आत शिरू लागले. धुक्यातून घोडे येत आणि धुक्यात जात. मचाणावर एस्टिल डोळे बारीक करून लिहीत बसलेला असे.

एप्रिलातला तो शनिवार. डर्बीच्या आधीची शेवटची मोठी शर्यत संध्याकाळी होती. कुंपणाकडेची डॉगवुडची झाडं फुलून पांढरी झाली होती. सकाळचं काम आटपून एस्टिल सवयीप्रमाणे पागांच्या बाजूला गेला. म्हातारा मोतद्दार टोब शिफ्लेट बादली उपडी घालून तिच्यावर बसला होता. एस्टिलने रुमालात गुंडाळून आणलेलं, मऊ पावासारखं हॅम भरलेलं बिस्किट अर्धं मोडून त्याला दिलं.

"मिस्टर एस्टिल, मोहरी नाही घातलीत आज?"

"बायको म्हणते, फुकट खाणाऱ्याला मोहरी कशाला."

टोब हसला. त्याच्या मागे दोन घोडे दारांवरून माना बाहेर काढून उभे होते. दोन्ही एकाच बापाचे. दोन्ही तांबूस अंगाचे, काळ्या आयाळीचे, कपाळावर पांढरी चांदणी असलेले. एक ब्रश क्रीक. दुसरा कॉपर हॉलो. कॉपर हॉलो संध्याकाळी धावणार होता, आणि एस्टिलने सोमवारी लिहिलेल्या वेळेमुळे सगळा गाव त्याचंच नाव घेत होता. पाच फर्लांग, अठ्ठावन्न सेकंद. त्या सकाळची सगळ्यांत वेगवान धाव.

ब्रश क्रीकने गवत ओढायला मान खाली घातली आणि ऊन त्याच्या नाकावर पडलं. नाकपुडीच्या वर, दाण्याएवढा पांढरा ठिपका. कॉपर हॉलोच्या नाकावर तसा नव्हता.

एस्टिलच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. सोमवारी दाट धुकं होतं. तरी कठड्याजवळून अठ्ठावन्न सेकंदांचा तो घोडा गेला तेव्हा तो ठिपका त्याला दिसला होता. दिसला होता, आणि फेस उडाला असेल म्हणून त्याने सोडून दिला होता.

"टोब," तो म्हणाला, "सोमवारी आधी कोण धावला?"

टोबने बुटाच्या टोकाकडे पाहिलं.

"तुम्ही लिहिलंत ना, मिस्टर एस्टिल."

"मी लिहिलेलं मला ठाऊक आहे. कोण धावला?"

"ब्रश क्रीक," टोब हळूच म्हणाला. "कॉपर हॉलो मागून आला. सावकाश. एक मिनिट तीन सेकंद, असं स्वार म्हणाला. बुधवारी पेपर आला तेव्हा सगळ्या पागेनं वाचलं. मालक म्हणाले, एस्टिल मॅगार्डला जाऊन कोण सांगणार? तू जातोस? मग कुणीच नाही गेलं."

"तीन दिवस?"

"तुमचा मान आहे हो इथं."

 उरलेलं बिस्किट एस्टिलने रुमालासकट टोबच्या हातात दिलं आणि निघाला. शिवी दिली असती कुणी तर त्याला सोसली असती. तीन दिवस माणसं आपल्याला बघून टोपी काढत होती आणि मनात कीव करत होती, हे त्याला सोसेना.

तिकिटांच्या खिडक्यांसमोर रांगा लागल्या होत्या. एका रांगेत कॉर्बेट न्यायस उभा होता. गावातला न्हावी, एस्टिलचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या शर्टाच्या खिशात अकरा जणांनी मिळून दिलेले पैसे होते. दर वर्षी या शर्यतीला दुकानातली मंडळी असेच पैसे घालत आणि कॉर्बेट त्यांच्या वतीने येई.

"आलास? बघ तुझा घोडा," कॉर्बेट फलकाकडे बोट दाखवत म्हणाला. "एकाला दोनचा भाव. तुझ्या त्या अठ्ठावन्न सेकंदांनी पार वाट लावली. काही मिळायचं नाही आता."

एस्टिलने त्याला दंडाला धरून रांगेबाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. कॉर्बेट आधी हसला. मग थांबला.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"पागेला. आणि आता तुला."

"मग गप्प बस की लेका! वेळ चुकली म्हणून घोडा लंगडा होतो का? संध्याकाळी धावेल, जे व्हायचं ते होईल. तू वर पंचांकडे जाऊन बोललास तर तुझं काय होईल?"

"मचाण जाईल."

"मचाण गेल्यावर तू काय करशील? घरी बसून तुझी बायको लोरेन पाव भाजते त्याची वेळ घेशील?"

एस्टिलला हसू आलं नाही. तो रांगेकडे बघत होता. रांगेत एक बाई पेपर घडी घालून धरून होती. त्याने लिहिलेल्या आकड्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती.

"ती बघ," तो म्हणाला. "ती माझ्या डोळ्यांनी बघतेय. आणि मला दिसत नाही, कॉर्बेट."

हे त्याने आजवर लोरेनलाही सांगितलं नव्हतं.

कॉर्बेटने खिशावर हात ठेवला. "मग मी कोणावर लावू?"

"ते मी कधी सांगितलंय का?"

शर्यतीचे पंच गॅलरीच्या छपराखालच्या खोलीत बसत. मुख्य पंच हार्गिस हा बारीक, शांत माणूस. त्याने एस्टिलचं सगळं ऐकून घेतलं.

"चूक होते," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे दुरुस्ती पुकारू. तुझं नाव घ्यायची गरज नाही. चष्मा कर आणि सोमवारी ये."

"चष्मा आहे, मिस्टर हार्गिस. दोन वर्षं झाली. खिशात ठेवतो." एस्टिल उभाच होता. "नाव घ्या. नाहीतर लोक स्वाराला शिव्या देतील. नाव ओरडायचं त्यांना मीच बंद केलं होतं. सोमवारपासून परत ओरडायला सांगा. मचाणावर कुणीही असो."

"तू नसशील?"

"नाही."

हार्गिसने पुकारणाऱ्याला हाक मारली.

भोंग्यातून आवाज आला तेव्हा एस्टिल जिना उतरत होता. कॉपर हॉलोची सोमवारची वेळ चुकीची छापली गेली आहे. खरी वेळ एक मिनिट तीन सेकंद. नोंद एस्टिल मॅगार्ड यांची, दुरुस्तीही त्यांचीच. गर्दीतून एक मोठा आवाज उठला, पावसाआधी रानातून उठतो तसा. लोक दुसऱ्या घोड्यांकडे वळले आणि फलकावर कॉपर हॉलोचा भाव वाढत वाढत एकाला नऊवर गेला.

संध्याकाळी शर्यत सुटली. शेवटच्या वळणापर्यंत विंटर सर्मन नावाचा राखाडी घोडा पुढे होता. मग आतल्या बाजूने, कठड्याला घासत, एक तांबूस घोडा निघाला. एस्टिलला कपाळावरची चांदणी दिसली नाही. जॉकीच्या हिरव्या टोपीवरून त्याला कळलं. कॉपर हॉलो अर्ध्या मानेच्या अंतराने जिंकला.

 फाटलेली तिकिटं हवेत उडू लागली. चौकटीच्या शर्टातला एक माणूस ओरडला, "कोण रे तो मॅगार्ड? त्याला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला!" पेन्सिलीची रेघ मारणारी बाई एस्टिलच्या पुढून गेली. त्याला ती ओळखत नव्हती. तिच्या हातात तिकीट नव्हतं.

कॉर्बेट कठड्याला टेकून उभा होता. एस्टिल त्याच्याजवळ गेला.

"राखाडी?"

"राखाडी. तू म्हणालास दिसत नाही, तर मी ऐकलं." कॉर्बेटने नाक ओढलं. "चाळीस वर्षं तुझं ऐकतोय. आज नेमकं ऐकायला नको होतं."

"मी येतो दुकानात. अकराही जणांना मी सांगतो."

"ये. पण उद्या नको. उद्या त्यांना तुला शिव्या देऊ दे, मनसोक्त. मंगळवारी ये. केस वाढलेत तुझे."

एस्टिलने मान हलवली. खिशातून त्याने चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. मग तो मैदानाच्या मागच्या फाटकाकडे चालू लागला. घाई नव्हती त्याला. वाटेत एक-दोन जण बाजूला झाले. टोपी कुणी काढली नाही. गाड्या उभ्या केलेल्या कुरणातून, चिखलाच्या चाकोऱ्या चुकवत, तो नीट पावलं टाकत गेला.

कॉर्बेट कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिला. आणि वर छपराखाली पुढची शर्यत सुटली होती, तरी हार्गिसची दुर्बीण घोड्यांवर नव्हती. ती कुरणाकडे वळलेली होती.