त्याच्या फोनला रेंज फुल होती

नांदेडात रविवारी दुपारी सिनेमा बघायला जे थिएटरात जातात ते पैशाने मोठे असतील, अकलेने नाहीत. अकलवाले माझ्या गोदामात येतात. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि माझ्याकडे कनातीचं कापड एवढं आहे की अख्खा जिल्हा त्यात गुंडाळून बिलोलीपाशी गाठ मारली तरी टोक तेलंगणात लोंबत राहील. लग्नात नवरा-नवरीचे फोटो भिंतीवर फिरवायला घेतलेला प्रोजेक्टर आहे. लाईट गेली तर जनरेटर आहे, आणि तो सुरू झाला की शेजारच्या तीन गल्ल्यांतली लेकरं झोपेतून उठून नाचायला लागतात. पांढरी कनात ताणायची, शटर अर्धं खाली ओढायचं आणि वऱ्हाडाच्या गाद्यांच्या थप्पीवर रेलायचं.

अकलवाले म्हणजे आम्ही तिघंच. एक मी, बाकीचे दोघं मला शेठ म्हणतात. दुसरे वकीलसाहेब, ज्यांचा आवाज कोर्टात कमी आणि माझ्या गोदामात जास्त चालतो. तिसरे गणिताचे सर. सर मूळचे लातूरजवळच्या मुरुडकडचे, नोकरीनिमित्त नांदेडला आले आणि इथलेच झाले. सर सिनेमाची गोष्ट बघत नाहीत, पडद्याचे कोपरे बघतात. मागच्या घड्याळात किती वाजले, चहाचा कप आधी भरलेला होता का, शर्टाचं वरचं बटण कधी उघडलं. नटी समोर रडत असते आणि सर म्हणतात, "हिचं डावं कानातलं कुठं गेलं?"

आमचा खेळ असा. सिनेमा संपला की एकेकाने त्यातलं भोक दाखवायचं, म्हणजे कथेत न पटणारी जागा. दुसऱ्याने त्याला ठिगळ लावायचं, म्हणजे ते कसं शक्य आहे हे पटवायचं. ठिगळ बसलं नाही तर भोकवाल्याचा चहा बाकीच्यांवर, बसलं तर चहा भोकवाल्याने पाजायचा. वकीलसाहेब आणि सर भोकं पाडण्यात हुशार. ठिगळ मात्र खानदानी माझं. एकदा नायक सुटकेससकट नदीत पडतो आणि कोरड्या शर्टाने बाहेर येतो. दोघंही उठून बसले. मी म्हणालो, आमच्या चुलत्यांचा शर्ट असाच होता. गोदावरीच्या पुरात पडले, पण शर्ट इतका मळून तेलकट झालेला की पाणी त्याला शिवायला तयार होईना. चुलते कोरडे निघाले, नदीच तेवढी थोडी मळली. वकीलसाहेबांनी चहा पाजला.

आता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं ठिगळ सांगतो. माझी धाकटी बहीण लातूरला दिली आहे. दाजी फरशी बसवायचं काम करायचे. हात असा की त्यांनी बसवलेल्या फरशीवरून मुंगी गेली तर तिला जोड कळत नसे. तेलंगणातल्या एका एजंटाच्या नादाने ते आखातात गेले. तिथल्या मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार द्यायचं टाळलं, आणि दाजी दुसरीकडे कामाला लागले तेव्हा हा पळून गेला अशी तक्रार करून मोकळा झाला. तेव्हापासून दाजी तिथे आहेत पण कागदावर नाहीत. परत यायचं तर आधी स्वतः होऊन पोलिसांपुढे उभं राहायचं, केस, दंड, तुरुंग, आणि मग केव्हातरी विमान. सरकार मधूनच माफी जाहीर करतं म्हणे. दाजी त्या माफीची वाट बघून राहिले आहेत. ते गेले तेव्हा भाची फ्रॉक घालत होती. आता ती साडी नेसून माझ्याशी भांडते.

हे मला आणि बहिणीला ठाऊक. बाकी जगाला मी सांगितलेलं ठाऊक. मी सांगितलं की दाजी सुपरवायझर आहेत. मग कुणीतरी विचारलं, एवढे सुपरवायझर तर गावाला का येत नाहीत? म्हणून त्यांना चाळिसाव्या मजल्यावर ऑफिस दिलं. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारलं. तेव्हा शेखाचा त्यांच्यावर इतका जीव जडवला की दाजींनी सुट्टी म्हटलं की शेख जेवण टाकतो. गोष्ट वाढत वाढत अशी झाली की खुद्द दाजींनाही फोनवर माझ्याकडून विचारून घ्यावं लागायचं, सध्या आपण काय आहोत.

मग भाचीसाठी स्थळ आलं, आणि ते आणलं आमच्याच सरांनी. मुरुडचं घर, बियाणांचं दुकान, मुलगा नोकरीला. मुलाचे वडील म्हणाले, "आमाला काई नको. हुंडा नको, सोनं नको. पन पोरीचा बाप मांडवात पायजे. व्याहीभेट घेनार ती बापाशीच." आमच्याकडे लग्नाआधी दोन्ही बाप मांडवाच्या दारात गळ्यात पडतात, एकमेकांना गुलाल लावतात. मुलाच्या बापाची ती एकच अट. दुसऱ्या कुणी मोटार मागितली असती तर मी चार चुलते पुरात पाडून ती आणली असती. ही अट ऐकून मी नुसतं "हो हो" म्हणालो.

सुपारी फोडायच्या आदल्या रविवारी वकीलसाहेब एक सिनेमा घेऊन आले. परदेशी सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं. कुणीतरी एक माणूस परक्या शहरात कागदाशिवाय राहतो, हॉटेलाच्या तळघरात भांडी घासतो. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की आज माझं काही खरं नाही. जनरेटर बिघडावा, प्रोजेक्टर जळावा, गोदावरीने येऊन गोदाम घेऊन जावं, असं सगळं मनात आलं. लाईटसुद्धा गेली नाही त्या दिवशी.

सिनेमा संपला. वकीलसाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"पहिलं भोक. पोलीस त्याला नुसता हरवलेल्या कुत्र्याबद्दल विचारायला येतो. हा पठ्ठ्या पळत सुटतो. कामून? ज्याने काही चोरलं नाही तो कुत्र्याला कामून भील?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. ठिगळ माझ्या खिशात तयार होतं, आणि यावेळी अस्सल होतं. दाजी रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तरी पलीकडच्या फुटपाथवर जातात. मी चहाची किटली हलवून बघितली.

"दुसरं," वकीलसाहेब म्हणाले. "पासपोर्ट मालकाकडे. अरे, दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं हा गुन्हा आहे. जा, तक्रार कर. एक अर्ज. मी असतो तर दोन तारखांत सोडवला असता. लिहिणाऱ्याला कायदाच ठाऊक नाही. हे भोक नाही, भगदाड आहे. ह्यातून शेठचा टेम्पो जाईल."

तक्रार जिथे करायची तिथेच तर धरतात, हे मला सांगायचं होतं. पण ते मला कसं ठाऊक, हे सांगावं लागलं असतं. समोर सर बसले होते. त्यांनी आणलेलं स्थळ, त्यांचा शब्द.

मग सरांनी चष्मा पुसला. त्यांनी काय बघितलं असणार हे मला ठाऊक होतं, कारण तो कोपरा मीही बघितला होता. सिनेमाच्या शेवटाकडे त्या माणसाच्या मुलीचं लग्न असतं. तो फोनवर ते बघत असतो. मुलगी विचारते, बाबा, मी दिसते का तुम्हाला? आणि तो म्हणतो, रेंज जातेय, आणि फोन ठेवतो.

"त्याच्या फोनला रेंज फुल होती," सर म्हणाले. "वरच्या कोपऱ्यात सगळे दांडे भरलेले. मी नीट बघितलं. इतका मोठा सिनेमा, आणि एवढं कुणाला दिसू नये?"

"जबरदस्त," वकीलसाहेब म्हणाले. "शेठ, ठिगळ?"

"आज कापड संपलं," मी म्हणालो.

वकीलसाहेब खूष होऊन चहा सांगायला उठले. सर नाही उठले. ते म्हणाले, "तुमच्याकडं कापड संपलं?" आणि गोदामभर रचलेल्या थप्प्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

सुपारी फोडायला लातूरला बहिणीच्या घरी माणसं जमली. मुरुडहून मुलाचे वडील, चुलते, दोन-चार बायका, आणि मध्यस्थ म्हणून सर. खुर्च्या माझ्या गोदामातून आणलेल्या. बहीण सकाळपासून नुसती कामं करून राहिली होती. सगळे बसले आणि मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हण्यांना लावा की फोन. त्यांच्यासमोर फोडू."

भाचीने व्हिडिओ फोन लावून तो सगळ्यांना दिसेल असा धरला. दाजी दिसले. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. मागे निळी स्वच्छ भिंत. बाकीच्यांना भिंत वाटली असेल. मी मंडपवाला आहे. काहीतरी झाकायला बांधलेली चादर मला अर्ध्या मैलावरून कळते. उजव्या कोपऱ्यात गाठ सैल पडली होती आणि तिथे झोळ आला होता. झोळामागून लोखंडी पलंगांची वरची रांग दिसत होती, आणि एका पलंगावरून कुणाचा तरी पाय खाली लोंबत होता. पाय अगदी हलत नव्हता. दाजींच्या लेकीच्या सुपारीसाठी तो बिचारा श्वास धरून पडला असणार.

"रामराम पाव्हणं," मुलाचे वडील म्हणाले. "वैशाखात धरावं म्हनतो. तुमच्या सुट्टीचं जमंल न्हवं?"

"धरा की," दाजी म्हणाले. "वैशाखच बरा."

"येताव ना मग? मी तुमच्याशी गळाभेट घेनार हाय, आत्ताच सांगून ठेवतो."

"येतो की. लेकीचं लगीन हाय." दाजी हसले. मग भाची मधेच म्हणाली, "पप्पा, मी दिसून राहिले का तुम्हाला?" आणि दाजींचं हसू तोंडावर होतं तिथेच राहिलं.

"हॅलो," ते म्हणाले. "हॅलो. इथं रेंज जाऊन राहिली बरं का."

आणि फोन बंद.

मग मुलाचे चुलते, भला माणूस, काही वाईट मनात नसलेला, म्हणाले, "चित्र तर चकचकीत दिसून राहिलं होतं. आवाजबी खणखणीत. रेंज कुटं गेली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच आहे, मामा मी. मी तोंड उघडलं. ज्या तोंडाने मी नदी मळवली, शेखाला उपाशी ठेवलं, त्या तोंडात एक अक्षर येईना. बहीण स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती.

"तिकडं तसंच असतं पाव्हणं," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते.

"चाळिसावा मजला. वरती वारं लई. वाऱ्यानं रेंज हलती. चित्र टिकतं, पण माणूस कटतो." ज्या माणसाने उत्तर चुकलं म्हणून स्वतःच्या मुलाला शून्य दिलं, तो हे बोलत होता. ठिगळ म्हणून ते अगदीच टाकाऊ होतं. माझ्या गोदामात असं कापड मी पाय पुसायलाही ठेवणार नाही. पण सर ते इतक्या मन लावून, एकेक शब्द मोजून बोलले की चुलत्यांनी मान डोलावली. "असंल बाबा. उंच लई आसत्यात तिकडं."

मुलाचे वडील थोडा वेळ सरांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "स्वतःच्या तोंडानं येतो म्हनले ना? मग झालं," ते म्हणाले आणि सुपारी फोडली. मग हात झटकत, अगदी प्रेमाने, "पन ऐका, मी दुसऱ्या कुनाच्या गळ्यात पडनार न्हाई."

जेवणं झाली. अंगणातल्या नळावर सर हात धूत होते. मी टॉवेल घेऊन गेलो.

"माझं त्या दिवशीचं भोक मी मागं घेतो," सर म्हणाले.

"रेंजचं?"

"हाव."

बोटं कधीच स्वच्छ झाली होती, पण सर ती नळाखालीच धरून होते.

"सर, वैशाखात काय करायचं?"

त्यांनी खरंच विचार केला. गणित मांडताना करतात तसा, खाली मान घालून. मग नळ बंद केला. "हे मला सुटत नाही," ते म्हणाले आणि टॉवेल न घेताच आत गेले.

पाहुणे गेले. भाची आतल्या खोलीत पुन्हा पुन्हा फोन लावून बघत होती आणि तो लागत नव्हता. बहीण अंगणातली ताटं गोळा करायला आली. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं.

"कोणतं भोक रे दादा?"

"काही नाही. एक सिनेमा होता."

"कशाचा?"

सांगावंच लागलं. कागद नसलेला माणूस, तळघर, मुलीचं लग्न, फोन. ती उष्टी ताटं एकावर एक ठेवत ऐकत होती. ताटं ठेवून झाली तरी तशीच वाकून उभी राहिली.

"मग शेवटी येतो का तो घरी?"

मला शेवट ठाऊक होता. फोन ठेवून तो माणूस पुन्हा तळघरात जातो आणि भांडी घासायला लागतो. वाटलं, काहीही सांगावं. माफी मिळते, विमानात बसतो, मांडवाच्या दारात उतरतो, ढोलवाल्यांचे ढोल फुटतात. यापेक्षा अवघड ठिगळं मी बसल्या बसल्या लावली आहेत.

"शेवट बघायचा राहिला," मी म्हणालो. "लाईट गेली."

बहिणीने ताटं उचलली.

"तुझ्याकडं तर जनरेटर हाय की दादा," ती म्हणाली.

मी खुर्च्या एकात एक घालायला लागलो.