पॅलेस आणि घोरपडीची टेकडी

जेवायला बोलावलं तर ताटातल्या बटाट्याचं मूळ गाव विचारणारा माणूस अख्ख्या पनवेलात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. काका नोकरीला बँकेत, पण जीव सगळा शब्दकोशात. मावशी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दारात ताटकळायची आणि हे कुलपापाशी थांबून सांगायचे, चावी हा शब्द पोर्तुगीजांचा बरं का! मावशी म्हणायची, मग त्यांना परत करा, पण आधी दार उघडा.

नव्वदच्या सुमारास नवीन पनवेलात त्यांची सोसायटी झाली आणि तिचं नाव ठरवायची वेळ आली. सगळ्यांना नावात ‘पॅलेस’ हवं होतं. काकांना कुठलं राहवतंय! पॅलेस म्हणजे मुळात महाल नव्हेच, ते जिन्यात गाठून एकेकाला सांगत सुटले. रोममध्ये पालातिउम नावाची टेकडी होती. तिच्यावर सम्राटाने घर केलं, टेकडीचं नाव घराला लागलं आणि मग जगातल्या सगळ्याच महालांना. पण टेकडीला ते नाव कशावरून? कुणी म्हणतं मेंढपाळांच्या देवीवरून, कुणी म्हणतं कुंपणाच्या मेढींवरून. नक्की कुणालाच ठाऊक नाही, आणि तेच काकांना भारी आवडायचं.

मग त्यांच्या डोक्यात आलं, आपली बिल्डिंगही टेकडी सपाट करूनच उभी राहिलीय, तिचं नाव काय होतं? सोसायटीत कुणाला माहीत असणार! शेवटी त्यांनी दारावर मासे घेऊन येणाऱ्या हिराबाईंना विचारलं. त्यांचं लहानपण इथंच गेलेलं, वडिलांचं शेतही त्या टेकडीखालीच. हातातले बोंबील तसेच धरून त्या म्हणाल्या, घोरपडीची टेकडी. तेच नाव लावतो बघा, असा शब्द काका देऊन बसले.

सभेत चिटणिसांनी कपाळाला हात लावला. मुलीच्या लग्नपत्रिकेत पत्ता म्हणून घोरपड छापू का, म्हणाले. काकांच्या बाजूने एकच हात वर झाला, तो काकांचा. मावशीनेसुद्धा पॅलेसला मत दिलं.

पाटी लागली आणि काका हिराबाईंना तोंड चुकवू लागले. मासळीवर जीव टाकणारा माणूस, पण त्यांची हाक आली की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. पंधरा दिवसांनी त्या टोपली घेऊन सरळ आतच आल्या. मी तिथेच होतो. काकांनी मान खाली घालून माफी मागितली.

“नाव नाय लागलं तरी चालल, काका,” हिराबाई म्हणाल्या. “एवडी लोकं हितं ऱ्हायाला आली, पन हितं आदी काय व्हतं ते तुमी एकट्यानीच इचारलं.”

काका नुसता चष्मा पुसत राहिले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, हिराबाईही येत नाहीत. त्या पाटीखालून जाताना मला एकाच गोष्टीचं फार वाईट वाटतं. त्या दिवशी मी समोरच बसलो होतो, आणि त्या टेकडीवर आणखी काय काय होतं हे हिराबाईंना विचारावं, असं मला मुळी सुचलंच नाही.