चिंचोक्यांचं भुयार

दुष्काळात बैलं घोडेगावच्या बाजारात गेली आणि रिकाम्या गोठ्यात मी भुयार काढलं. कोळशानं, जमिनीवर. खरं भुयार थोरला भाऊ खणत होता, विहिरीच्या तळाशी, पाण्याच्या आशेनं, आडवं, माणूस वाकून चालेल एवढं. घरात माझी ख्याती ‘हाताचा मऊ’ अशी; म्हणून माझ्याकडे काम त्याच्या लहानग्या पोरीला रमवायचं.

बांगडीचा तुकडा ही तिची सोंगटी. दर वळणावर फोडलेले चिंचोके टाकायचे. एक जरी पांढरा पडला तर वाट मोकळी. सगळे काळे पडले तर कोणीतरी भेटणार. कोण, ते मी ठरवायचं. साप, कोल्हा, एकदा शाळेतले मास्तर. मास्तरांना ती जास्त भ्याली.

त्या दुपारी तिनं तुकडा पार आत ठेवला. “हे आबा हायेत. ह्यांना भायेर काढायचंय.”

बापाचा खेळ करू नये, एवढं मला सुचायला हवं होतं. तिनं चिंचोके टाकले. सगळे काळे.

“कोन भेटलं?”

निरुपद्रवी काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो, “कोणी नाही गं. नुसती पावलं. मागून.”

पुन्हा काळे.

“आन् आता?”

“आबा थांबले. पावलंही थांबली.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीकडे धूम ठोकली. मी धापा टाकत मागे. ती काठावरून “आबा, वर या!” ओरडते तोवर भाऊ दोर धरून निम्मा वर आला होता. आता मला शिव्या, असं धरून मी उभा राहिलो.

“खाली कुनाला धाडलं हुतं?” त्यानं विचारलं.

“कुणालाच नाही, दादा.”

“मंग माज्या मागं कोन चालत हुतं? मी थांबलो की त्येबी थांबायचं.”

पोरीनं त्याचं धोतर धरून त्याला गोठ्यात ओढत आणलं. “आदी तुमी भायेर निगा,” ती आतल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली.

माझ्या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणणारा भाऊ उकिडवा बसला. चिंचोके टाकले. काळे. कोण भेटलं, हे या वेळी मला कोणी विचारलं नाही. पांढरा पडला तेव्हा तिनं तुकडा उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. मग कुठं तो पाणी प्याला.

सकाळी मी गोठा सारवत होतो, तर भाऊ दारात.

“चल. माज्या मागं तू चालायचं. म्हंजी मागं कोन हाय ते मला ठावं ऱ्हाईल.”

उतरलो. चाललो. माझ्या मागं कोणी बघायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.