काकूंच्या बॅगेतलं पिस्तूल

मला कुणी एखादी वस्तू निवडायला सांगितली की माझ्या अंगात येतं. मिक्सर असो, गादी असो, नाहीतर मुलीचं दप्तर. शंभर जणांची मतं वाचणार, एक्सेलमध्ये तक्ता करणार, आणि मग समोरच्याला तो ऐकवल्याशिवाय सोडणार नाही. बायको म्हणते, तुला वस्तू नको असते, तुला अक्कल पाजळायची असते. खरं आहे तिचं. त्या अकलेचा भुर्दंड एका म्हाताऱ्या बाईला पडला, म्हणून हे लिहितोय. लिहितानाही कान गरम होतायत.

तेव्हा आम्ही सिंगापूरला मरीन परेडमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि मी तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. माझा मोठा भाऊ, दादा, पुण्याजवळ छोटं वर्कशॉप चालवतो. दर शनिवारी कामगारांचा पगार रोख घेऊन जायचा. एका शनिवारी चारपाच जणांनी त्याची गाडी अडवली, काच फोडली, आणि पुढच्या वेळी डोकं फोडू म्हणाले. दादाने धावपळ करून शस्त्राचा परवाना मिळवला आणि मला फोन केला.

"अरे, पिस्तूल घ्यायचंय. लहान हवं, शर्टाखाली दिसता कामा नये. आणि माझं बजेट तुला माहितीये. तू जरा बघ ना, तुला हे छान जमतं."

तुला हे छान जमतं! बस, एवढंच पाहिजे होतं मला.

मी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं. राहत होतो अशा देशात, जिथे एक काडतूस सापडलं तरी माणूस आयुष्यातून उठतो. पण आठ दिवसांत मी असा बोलायला लागलो, जणू सैन्यातून निवृत्त झालोय. भारतात परवानाधारकाला निवड ती कसली! सरकारी कारखान्याची दोनचार मॉडेलं, किमती ऐकून तोंडाला फेस यावा अशा, नाहीतर कुणा परवानेवाल्याने विकायला काढलेलं जुनं. मी तक्ता केला. वजन, लांबी, जाडी, दुरुस्ती कुठे होते, जुनं घेतलं तर काय काय तपासायचं. दादाला मी बजावून सांगितलं की लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची, कारण फुगवटा दिसतो तो जाडीचा. पिस्तुलात पैसे वाचव पण पट्ट्यात नको, कारण साधा पट्टा वजनाने लोंबतो आणि माणूस सारखी पँट वर ओढत बसतो. कमरेच्या आतल्या बाजूला बसणारं चामड्याचं कव्हर घे, पुण्याच्या उन्हाळ्यात प्लास्टिक घामाने चिकटेल. हे सगळं कुठून तरी वाचलेलं. दादा बिचारा "हो का? बरं, बरं" करत लिहून घ्यायचा.

कव्हर मी परदेशातल्या एका दुकानातून मागवलं. आलं, उत्तम होतं. मग डोक्यात किडा वळवळला. हे दादाच्या कमरेला बसेल का? दिसेल का? आधी पुठ्ठा कापून बघितला, मग ऑफिसचं स्टेपलर कमरेला खोचून बघितलं. समाधान होईना. शेवटी एका हौशी लोकांच्या साइटवरून त्याच मापाची, त्याच वजनाची धातूची प्रतिकृती मागवली. तिच्यातून काही उडत नाही, नुसतं दिसायला पिस्तूल. पोस्टातून कशी सुटली देव जाणे, पण पोचली.

आता खोटं कशाला बोलू? मला मजा आली. एका रविवारी बायको-मुलगी सेरंगूनच्या मॉलला गेल्या होत्या. मी ते कमरेला लावलं, वरून सैल टी-शर्ट घातला, आणि खाली हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, जाऊन कोपी, तिथली कॉफी, पीत बसलो. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस मी, आणि छाती पुढे काढून बसलो होतो. शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांना काही कळलं नाही याचा मला केवढा आनंद झाला! त्या आनंदाची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये एक सहकारी जेवता जेवता सहज बोलून गेला, की त्याच्या ओळखीच्या एकाने हौसेने असली नकली बंदूक मागवली, ती पकडली गेली, पोलीस चौकशी झाली, आणि त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रद्द झाला. इथे नकली बंदुकीलाही परवाना लागतो. एवढे तक्ते केले मी, सगळ्या जगाची माहिती काढली, आणि ज्या देशात राहतो तिथला कायदा काय म्हणतो हे एकदाही बघितलं नाही. शहाणा माणूस!

पास गेला तर नोकरी गेली, घर गेलं, मुलीची शाळा गेली. दोन दिवस माझी गाळण उडाली होती. टाकून द्यावं तर कुठे? बिल्डिंगच्या कचऱ्याच्या नळीत टाकलं आणि खाली सफाईवाल्याला सापडलं तर? समुद्रात टाकायला जावं तर किनाऱ्यावर पळणारी माणसं, सायकली, कॅमेरे. बायकोला सांगायची तर हिंमतच नव्हती.

आणि तेवढ्यात आमच्या बिल्डिंगच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर निरोप आला. "आई गुरुवारी पुण्याला निघतेय. कुणाला काही पाठवायचं असेल तर सांगा, पाचसहा किलो जागा आहे."

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. कुणी गावाला निघालं की सगळ्यांच्या पिशव्या त्याच्या बॅगेत. चॉकलेटं, बाम, कुणाचं औषध, कुणाचा जुना फोन. नाही म्हणायची पद्धत नाही, उघडून बघायची तर त्याहून नाही. आणि विमानतळावर विचारतात ना, बॅग तुम्ही स्वतः भरली का, तेव्हा सगळे डोळे मिटून हो म्हणतात. लेकी आयांना घरातूनच पढवून नेतात, "आई, फक्त येस म्हणायचं हं."

काकू सातव्या मजल्यावरच्या मुलीच्या आई. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आल्या होत्या. सगळ्या मजल्याला डिंकाच्या लाडवांचा वास. आयुष्यभर पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसलेल्या. मी ती प्रतिकृती डब्यात भरून घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय आहे रे आत? रागावू नकोस, तीस वर्षांची सवय आहे, विचारल्याशिवाय घेता येत नाही."

"चॉकलेटं, बाम," मी म्हणालो. "आणि एक खेळणं आहे, काकू. दादाच्या मुलासाठी. त्याचं कव्हर पण आहे. खालच्या बॅगेत टाका, हातातल्या नको."

दादाला एकच मुलगी. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"असं सुटं नको," काकू म्हणाल्या. "मी शिवून देते. पोराच्या हातात नीट पोचायला हवं." आणि माझ्यासमोर त्यांनी जुन्या चादरीचं कापड काढून डबा चारी बाजूंनी शिवला, बारीक, एकसारखे टाके. वर निळ्या मार्करने दादाचा पत्ता लिहिला. मी बाळाचं कौतुक करत बसलो होतो.

गुरुवारी दुपारी मी कारखान्यात होतो तेव्हा त्यांच्या लेकीचा फोन आला. ती रडत होती. "अरे, आईला थांबवलंय! बॅग तपासताना काहीतरी दिसलं म्हणतात, पोलिसांनी आत नेलंय. तुझ्या पार्सलमध्ये नक्की काय होतं?"

माझी जीभ कशी वळली बघा. "अगं, खेळणंच आहे. पोराचं खेळणं."

टॅक्सी केली. तुआसपासून चांगी विमानतळ म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. सगळ्या वाटेत मी मनाशी घोकत होतो. जायचं, सांगायचं, हे माझं आहे, त्या बाईला काही माहीत नाही, तिला सोडा. इंग्रजीत वाक्यंसुद्धा जुळवली. खरंच सांगणार होतो. म्हणजे असं मला वाटत होतं.

टर्मिनलमध्ये लेक बाळाला पोटाशी बांधून बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, "आलास! बरं झालं आलास." मी तिला थांब म्हणालो आणि पलीकडे उभ्या असलेल्या पोलिसाकडे गेलो. विशीबाविशीतला, नम्र. "येस सर?" तो म्हणाला. मी तोंड उघडलं. डोळ्यासमोर मुलीचं शाळेचं दप्तर आलं, मीच तक्ता करून निवडलेलं. आणि मी त्याला विचारलं, टॉयलेट कुठे आहे.

त्याने हात करून दाखवलं. वर "यू ओके, सर?" असंही विचारलं. मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं आणि बाकावर लेकीशेजारी येऊन बसलो. तीन तास बसलो. तिला पाणी आणून दिलं, बाळाला घेऊन येरझाऱ्या घातल्या. ती मला दोनदा थँक्यू म्हणाली.

काकू बाहेर आल्या तेव्हा विमान कधीच गेलं होतं. साडी चुरगळलेली, अंबाडा सुटलेला. लेकीच्या गळ्यात पडतील असं वाटलं, पण त्यांनी आधी मला बघितलं.

"अरे, तू कामावरून एवढ्या लांब आलास?" त्या म्हणाल्या. "कशाला रे! नुसती ताकीद दिली. हुबेहूब करतात म्हणे हल्ली खेळणी, तसली इथे चालत नाहीत. ठेवून घेतलं त्यांनी. कव्हरसुद्धा." मग माझ्या हातात चॉकलेटांची पिशवी दिली. टाके उसवलेलं कापडही घडी करून आत ठेवलं होतं. "त्यांनी विचारलं कुणाचं आहे, मी म्हटलं माझंच, नातवासाठी घेतलं. तुझं नाव कशाला उगाच, तुझी नोकरी इथे. पण पोर हिरमुसेल रे. त्याला सांग, आजीकडून हरवलं."

मी म्हणालो, "असू दे काकू." त्या दोन दिवसांनी दुसऱ्या विमानाने गेल्या.

पुढे दादाने पिस्तूल घेतलंच नाही. बसलं की पोटात रुततं म्हणाला, दुकानात जाऊन बघून आला होता. पगार बँकेतून द्यायला लागला, गाडीत कॅमेरा बसवला, आणि ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. माझा तक्ता अजून लॅपटॉपवर आहे.

वर्षभराने सातव्या मजल्यावरची लेक लिफ्टमध्ये भेटली. पोरगं चालायला लागलं होतं. ती पुन्हा नोकरीवर जायची होती आणि आईला सहा महिन्यांसाठी बोलवायचं ठरवलं होतं. "पण आईचा व्हिजा नाकारला रे," ती म्हणाली. "दोनदा नाकारला. कारण पण देत नाहीत. तुला काय वाटतं, कशामुळे असेल?"

"काही सांगता येत नाही यांचं," मी म्हणालो. माझा मजला आला आणि मी उतरलो.

त्या दिवाळीत पुण्याला गेलो. फराळाचं ताट समोर ठेवून दादा म्हणाला, "अरे, विसरलोच. कोण एक काकू आल्या होत्या रे मागे? चार जिने चढून आल्या, दम लागला होता. विचारतात, छोटा कुठाय? म्हटलं, कोण छोटा? आमच्याकडे लहान मूल कुणी नाही, एकच मुलगी, ती हॉस्टेलला. पाणी प्यायल्या. मग सुईदोरा मागितला तुझ्या वहिनीकडे, इथेच बसून काहीतरी शिवलं, आणि म्हणाल्या, धाकटा आला की त्याला द्या."

त्याने कपाटातून कापडात शिवलेला एक लहान डबा काढून दिला. तेच बारीक, एकसारखे टाके. वर निळ्या मार्करने माझं नाव. मी उसवला. आत दिवाळीत मिळतं ते टिकल्यांचं पिस्तूल होतं, लाल प्लास्टिकचं. दादा हसायला लागला. मी कापड उलटंसुलटं केलं, तेव्हा नावाच्या खाली, पार्सलवर लिहितात तशी, एक ओळ दिसली.

"आत काय आहे: खेळण्यातलं पिस्तूल, एक. टिकल्या काढून घेतल्या आहेत, नेणाऱ्याला त्रास नको."

काकूंचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. मी पुण्यात अकरा दिवस होतो. गेलो नाही.